धर्मपाल सरांची बॅटरी

धर्मपाल तेलगोटे सरांच्या पँटच्या उजव्या खिशात भर दुपारीसुद्धा दोन सेलची बॅटरी असते. अकोटच्या बाजारात टळटळीत उन्हात ते वांगी निवडायला वाकले की ती खिशातून अर्धी बाहेर डोकावते. भाजीवाल्या बाया तोंडाला पदर लावून हसतात. एकीनं तर विचारलंही होतं, की सर, सूर्यावर भरवसा नाही का? सरांनी वांगी पिशवीत टाकली आणि चालू लागले.

एरवी त्यांचं तोंड बंद करणं देवालाही जमलं नसतं, आणि देव तर ते मानतच नाहीत. मी किसनराव. त्यांच्याच संस्थेत मी एकतीस वर्षं बाबू होतो, आधी धारणीच्या शाळेत आणि नंतर अकोटच्या. सर भूगोल शिकवायचे. रविवारी मेळघाटातल्या खेड्यांत जाऊन नारळातून केस काढून दाखवायचे, जिभेवर कापूर पेटवायचे आणि मग त्यामागची युक्ती समजावून सांगायचे. शेवटचं वाक्य ठरलेलं. "भूत नसते. असलं तर मले आणून दाखवा." मी माळकरी घरातला. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्यावाचून करमायचंही नाही.

दरवर्षी पितृपक्षात माझ्या वडिलांच्या तिथीला सर हमखास जेवायला येतात. "कावळ्याच्या पंगतीले आलो, किसनराव," असं दारातूनच सांगतात. मग चार वडे खाऊन, कढी पिऊन श्राद्ध कसं थोतांड आहे यावर अर्धा तास बोलतात. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. मी गच्चीवर दोन पानं ठेवतो, एक मोठं, एक लहान. मोठं पान वडिलांचं. लहान कोणाचं हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

सरांना एकच मुलगी होती, पौर्णिमा. वैशाखी पौर्णिमेला जन्मली म्हणून हे नाव. चौथीत असताना गेली. त्यानंतर वीस वर्षांत सरांनी तिचं नाव एकदाही तोंडातून काढलं नाही. वर्गात पौर्णिमा नावाची दुसरी कुणी मुलगी आली तर हजेरी घेताना ते "चोवीस नंबर" म्हणायचे. घरात फोटो नाही. कौशल्याबाईंनी विषय काढला की ते उठून बाहेर जायचे. कौशल्याबाई अंगणवाडीत होत्या, दिवसभर दुसऱ्यांची लेकरं सांभाळायच्या, आणि आपल्या लेकराबद्दल बोलायला त्यांना घरात माणूस नव्हता. माझ्या बायकोजवळ, पार्वताबाईंजवळ, त्या एकदाच रडल्या. म्हणाल्या, मले काहीच नको, यायनं एकदा तिचं नाव घेतलं पायजे, मोठ्यानं, मले ऐकू येईल असं.

काय झालं ते आता सांगून टाकतो. त्यात माझाही हात आहे.

धारणीला आमची घरं एका ओळीत होती. मागे जुनं गोदाम आणि त्याला लागून चिंच. संध्याकाळी ओळीतली सगळी पोरं माझ्या ओट्यावर जमायची आणि मी त्यांना गोष्टी सांगायचो. चिंचेखाली उलट्या पावलांची बाई राहते ही गोष्ट माझी. कोणाकडून ऐकलेली नव्हती, मीच रचली होती, आणि पोरं घाबरून एकमेकांना चिकटली की मला मोठी मौज वाटायची. पौर्णिमा तेव्हापासून मागच्या अंगणातही जाईना.

सरांना ते कळलं. भूत नसते म्हणून गावोगाव सांगत फिरणाऱ्याची पोरगी चिंचेला घाबरते, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. भादव्याचे दिवस होते, दिवेलागण झालेली. कौशल्याबाई भावाकडे हिवरखेडला गेल्या होत्या. सरांनी पोरीला सांगितलं, चिंचेपर्यंत एकटी जा आणि पाल्याची एक डहाळी तोडून आण. तिनं खुंटीवरची बॅटरी घेतली. सरांनी ती तिच्या हातातून काढून घेतली. बॅटरी नेली तर ती बॅटरीची हिंमत झाली, तुझी नाही, असं ते म्हणाले. हे मी माझ्या ओट्यावरून ऐकलं. मला तेव्हा सरांचं कौतुकच वाटलं, हे लिहायला आज लाज वाटते.

ती गेली आणि पळत परत आली. मुठीत डहाळी होती. चेहरा असा फुललेला की अजून डोळ्यांसमोरून जात नाही. "बाबा, कोणीच नाई तिथं," ती म्हणाली. "तुमी खरंच सांगत होते." आणि मग खाली बघून म्हणाली, पायाला काहीतरी टोचलं.

घोणस होती. जीप मिळाली, मीही सोबत बसलो. धारणी ते परतवाडा हा रस्ता ज्यानं पावसाळ्यात पाहिला आहे त्याला पुढचं सांगायला नको. सेमाडोहच्या अलीकडे ती गेली. सरांनी तिच्या मुठीतून ती डहाळी काढली नाही. दुसऱ्या दिवसापासून बॅटरी त्यांच्या खिशात आली.

सर निवृत्त झाले, मागोमाग कौशल्याबाईही. एक दिवस दोघांनी जाहीर केलं की पाठीवर सॅक टाकून थायलंड, लाओस, कंबोडिया, व्हिएतनाम असं दीड महिना फिरायचं. अकोटात हसाहशी झाली. आमच्याकडच्या बुद्धविहारातून दरवर्षी लोक टूरवाल्याच्या झेंड्यामागं तिकडे जातात आणि दहा दिवसांत परत येतात. सर म्हणाले, मले कोणाच्या झेंड्यामागं चालाचं नाई. चौतीस वर्षं फळ्यावर मेकाँग नदी काढली, आता तिच्या काठानं चालणार आणि दोन देशांमधली रेघ स्वतःच्या पायानं ओलांडणार. कौशल्याबाईंचं म्हणणं वेगळं होतं. त्यांना बुद्धाच्या देशांत जायचं होतं. जिथं सगळेच आपल्यासारखे, तिथं मन हलकं होईल, असं त्यांना वाटत होतं.

अमरावतीहून दोन सॅक आणल्या. कौशल्याबाईंनी वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी पहिल्यांदा बूट घातले आणि ओट्यावर चार चकरा मारून पाहिल्या. दोन हजार चोवीसचा सप्टेंबर लागला. सर भर पावसात निघाले याचंही मी हसू केलं. ते म्हणाले, नदी भरलेली पाह्याची असते. अकोल्याहून रेल्वेनं कोलकाता, तिथून विमानानं बँकॉक. सामान तपासताना सरांची बॅटरी बाजूला काढली गेली आणि ती परत मिळेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

पुढचं सगळं सरांनी मला वर्षभरानं सांगितलं.

बँकॉकमध्ये पहिल्याच सकाळी त्यांचं डोकं फिरलं. प्रत्येक घरापुढे, दुकानापुढे, पेट्रोलपंपापुढेसुद्धा एका खांबावर बाहुल्यांच्या घराएवढं छोटं घर. त्यात जागेच्या आत्म्यांसाठी फुलं, भात, लाल सरबताची बाटली आणि बाटलीत नळीसुद्धा. सरांनी लॉजवाल्याशी वाद घातला की तथागतांनी हे कुठं सांगितलं. तो हसून नमस्कार करत राहिला. कौशल्याबाई मात्र त्या प्रत्येक छोट्या घरापाशी थांबायच्या. त्यात नेहमी लहान मुलीच्या रूपातली एखादी बाहुली असायची. त्या नुसत्या आत बघत राहायच्या आणि सर पुढे जाऊन त्यांची वाट बघत उभे राहायचे.

लाओसमध्ये नदीकाठच्या एका लॉजमध्ये वेगळंच झालं. मालकिणीनं खोलीत तीन टॉवेल, तीन पेले आणि तीन उशा ठेवल्या. सरांनी तिला बोटांनी दाखवलं, आम्ही दोघं. तिनं मान हलवली आणि रजिस्टर आणून समोर धरलं. किती माणसं, या रकान्यात तीनचा आकडा होता. अक्षर सरांचं होतं. फळ्यावर लिहितात तसा पोटाला गोल वळण दिलेला तीन.

सर मला म्हणाले, चूक होते माणसाची, प्रवासाचा शीण होता. पण पुढच्या दोन गावांतही त्यांच्या हातून तेच झालं. एकदा बोटीची तिकिटं तीन मागितली. एकदा रस्ता ओलांडताना डाव्या हातानं कौशल्याबाईंना धरलं आणि उजवा हात कोणाला तरी धरायला मागे गेला. तो हात तसाच हवेत राहिलेला कौशल्याबाईंनी पाहिला. जास्तीचा टॉवेल त्या रोज घडी करून उशाशी ठेवायच्या. सरांना रात्री झोप लागेना. बॅटरी लावून ते खोलीचे कोपरे बघायचे आणि मग स्वतःचाच राग येऊन ती विझवायचे.

लाओसची हद्द संपते तिथं त्यांनी ती रेघ खरंच पायानं ओलांडली. जंगलातला सरळ रस्ता, अलीकडे एक इमारत, पलीकडे एक, मध्ये दोघं म्हातारा-म्हातारी पाठीवर सॅक घेऊन. सर म्हणाले, आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ती जागा आली आणि माझं सगळं लक्ष मागे होतं, कोणी राहिलं तर नाही ना.

कंबोडियात पोहोचले आणि घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. माझ्या कावळ्याला हसणारा हा माणूस ऐन त्याच पंधरवड्यात अशा देशात शिरला, जिथं गावंच्या गावं पितरं जेवू घालत होती. तिकडेही भादव्याच्याच वद्य पक्षात मेलेली माणसं परत येतात. क्राती नावाच्या गावात ज्या म्हातारीच्या घरी ते उतरले तिला सगळे येय म्हणत, म्हणजे आजी. तिची नात शाळेत शिकवायची आणि तिचं इंग्रजी सरांच्या इंग्रजीइतकंच होतं, त्यामुळे जमलं. येय म्हणाली, या पंधरा दिवसांत मेलेलं माणूस सात विहारांत जाऊन आपल्या माणसांना शोधतं. सातही ठिकाणी कोणी भेटलं नाही तर उपाशी परत जातं. तिच्या घरची नऊ माणसं त्यांच्याकडच्या वाईट काळात, पन्नास वर्षांपूर्वीच्या कत्तलीत, नाहीशी झाली होती. कुठं पुरली तेही ठाऊक नव्हतं. दरवर्षी ती एका कागदावर नऊ नावं लिहून नेते, भंतेजी ती मोठ्यानं वाचतात आणि पाणी सोडतात. पहाटे तीळ घातलेल्या चिकट भाताचे गोळे विहाराभोवती फिरून गवतात टाकायचे.

कौशल्याबाईंनी ते गोळे पाहिले आणि म्हणाल्या, "हे तर पिंड होय."

सर भडकले. बावीस प्रतिज्ञा काय सांगतात, बापानं कशासाठी धर्म बदलला, आपण कोण आहोत, सगळं बोलून झालं. कौशल्याबाईंनी ऐकून घेतलं. येयनं त्यांना विचारलं, तुमच्या कागदावर किती नावं? त्यांनी सरांकडे पाहिलं. सर उठून बाहेर नदीवर गेले.

दुसऱ्या दिवसापासून कौशल्याबाई येयबरोबर जाऊ लागल्या. सहा दिवस, सहा विहार. सर बाहेर चपलांपाशी बसायचे, आत नावं वाचली जायची. कौशल्याबाई हातात कोरा कागद धरून बसायच्या आणि तसाच परत आणायच्या. नाव लिहायला त्यांना कोणी अडवलं नव्हतं. पण वीस वर्षं त्यांनी एकच गोष्ट धरून ठेवली होती, की नाव घेईल तर बाप घेईल. व्हिएतनामची तारीख निघून गेली. सरांनी त्याचं नावही काढलं नाही.

सातव्या पहाटे चारला येयनं हाक मारली. कौशल्याबाई तयार झाल्या, ताटात भाताचे गोळे घेतले आणि सरांनाही उठवलं. तिघं विहाराच्या फाटकापर्यंत गेली. पाऊस थांबलेला होता आणि पायाखाली चिखल. आत चार-दोन मेणबत्त्या आणि अनवाणी माणसं. येय पुढे निघून गेली. कौशल्याबाईंनी ताट सरांच्या हातात दिलं. मग त्यांच्या खिशात हात घालून बॅटरी काढून घेतली.

"तुमी जा," त्या म्हणाल्या. "तिले एकटीले धाडलं होतं ना. आता तुमी एकटे जा."

वीस वर्षांत त्यांनी हे एकदाही म्हटलं नव्हतं. दोष दिला नव्हता, विचारलंही नव्हतं.

त्यांनी चपला काढल्या आणि गेले. विहाराला वळसा घालून मागच्या बाजूला पोहोचले तेव्हा मेणबत्त्या दिसेनाशा झाल्या. गवत घोट्यापर्यंत, ओलं. भूगोलाच्या माणसाला ठाऊक होतं की या देशात साप किती आहेत. प्रत्येक पावलाला त्यांना वाटलं, आता. हे असं वाटलं असेल तिला, नऊ वर्षांच्या पोरीला, आणि तरी ती चिंचेपर्यंत गेली, डहाळी तोडली. भीती काय असते हे मले एकसष्टाव्या वर्षी समजलं, असं ते म्हणाले. एकेक गोळा टाकत गेले. शेवटचा हातात राहिला तेव्हा थांबले आणि त्यांनी हाक मारली.

"पौर्णिमा."

हाक हळू झाली म्हणून पुन्हा मारली. मग आणखी मोठ्यानं. आयुष्यभर ज्याला नाही म्हटलं त्याची ते त्या अंधारात वाट बघत उभे राहिले. पायांचा आवाज, फ्रॉकची सळसळ, काहीही चाललं असतं. उलट्या पावलांनी आली असती तरी चाललं असतं. एक कुत्रं आलं, त्यानं गवतातला गोळा खाल्ला आणि निघून गेलं. मग उजाडू लागलं.

फाटकाशी कौशल्याबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. पदर नव्हता म्हणून ओढणी तोंडाला लावली होती. त्यांनी एवढंच सांगितलं की तीनदा ऐकू आलं. मग बॅटरी सरांच्या हातात दिली आणि दोघं येयच्या घरी चहा प्यायला गेले.

परत आल्यावर सरांनी सगळ्यांना नदीचे फोटो दाखवले. बाकी चकार शब्द नाही. वर्ष गेलं. यंदाच्या पितृपक्षात वडिलांच्या तिथीला ते नेहमीसारखे आले, पण कावळ्याची थट्टा झाली नाही. मी गच्चीवर पानं ठेवायला निघालो तर माझ्यामागे जिना चढून वर आले. इतक्या वर्षांत कधी चढले नव्हते. मी दोन्ही पानं कठड्यावर ठेवली, पाणी फिरवलं आणि आम्ही टाकीच्या सावलीत बसलो. तिथंच त्यांनी हे सगळं सांगितलं.

शेवटी म्हणाले, "मी जिंदगीभर सांगत आलो, तिथं कोणी नसते. त्या दिवशी पयल्यांदा वाटलं, असलं पायजे कोणीतरी. आन् कोणीच नव्हतं, किसनराव. पोरगी खरंच सांगून गेली."

मला राहवलं नाही. मी म्हणालो की सर, उलट्या पावलांच्या बाईची गोष्ट माझी होती. एकवीस वर्षं छातीवर धोंडा ठेवल्यासारखं हे घेऊन फिरलो होतो.

"ठाऊक आहे. तिनंच सांगतलं होतं," ते म्हणाले. "पण तुमी तिच्या हातची बॅटरी नव्हती घेतली. मी घेतली."

मोठ्या पानावर कावळा आला, वडा घेऊन उडाला. लहान पान तसंच होतं. त्यावर मी दरवर्षीप्रमाणे वाटीभर खीर ठेवली होती, लेकरांना गोड आवडतं म्हणून. सर उठून त्या पानाजवळ गेले. मला वाटलं आता प्रतिज्ञा काढतील, मला झापतील, उचलून फेकतील. विचारलं फक्त एवढंच, की हिच्या पानाले कोणी येते का?

मी खोटं बोलणार होतो. जमलं नाही. म्हणालो, चिमण्या येतात कधी. खार येते.

त्यांनी खीर पाहिली, वाटीची कड बोटानं सरळ केली.

"पौर्णिमाले खीर नाई आवडत," ते म्हणाले. "वडा ठेवत जा."